आमच्या आईच्या माहेरचा आजार

आता सांगायला बसलोय खरा, पण आधी एक कबूल करा. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये नको. आणि मी का सांगतोय म्हणाल, तर मी नाही सांगितलं तर प्रज्ञा सांगणार. ती माझी मावसबहीण. ती सांगते तेव्हा माझ्या आवाजाची नक्कल करते आणि ती नक्कल मला अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या तोवर.

तर मी डॉक्टर आहे. थांबा, बाही वर करू नका! पीएचडीवाला डॉक्टर. कोपरीत आमच्या बिल्डिंगमध्ये हा फरक मी इतक्या वेळा समजावलाय की घसा बसलाय. तरी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून गुडघा पुढे करतात.

पीएचडी झाल्यावर मी पोस्टडॉक झालो. पोस्टडॉक म्हणजे काय? म्हणजे लग्न लागलंय, पण अजून हॉलच्या बाहेर सोडत नाहीयेत. शिक्षण संपलं, कायमची नोकरी लागली नाही, आणि मधल्या काळात राबायचं दोन्हीकडचं.

घोडबंदर रोडला एक संशोधन संस्था आहे, तिथे मी मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर काम करतो. शाळेत आपण 'तंतुकणिका' म्हणून पाठ केलेलं आठवतं? हां, त्याच. आपल्या प्रत्येक पेशीत हे छोटे छोटे जनरेटर असतात. ते बिघडले की माणूस आतून दमतो. स्नायू थकतात, पापण्या खाली येतात, लहान मुलांना तर फार भोगावं लागतं. त्या आजाराची मस्करी नाही हां. मस्करी माझी आहे.

आणि एक गोष्ट. हे जनरेटर आपल्याला फक्त आईकडून मिळतात. बापाकडून नाही. म्हणून आम्ही ज्या प्रकारच्या आजारांवर काम करतो, ते आईकडूनच मुलांत उतरतात. एवढं साधं वाक्य. ते लॅबमध्ये बोललं की लोक मान डोलावतात. घरात बोललं की काय होतं, ते ऐका.

झालं असं की आम्हाला एक निरोगी माणूस हवा होता. आजारी पेशी किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं, तर शेजारी धडधाकट माणसाच्या पेशी नकोत का? रीतसर परवानगी वगैरे होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझं रक्त घ्या." आमच्या लॅबच्या प्रमुख करंदीकर मॅडम म्हणाल्या, "छान. पण मी हैदराबादला परिषदेला जाते आहे. घाई करू नका."

आम्ही आणि घाई? छे! मॅडम एअरपोर्टला पोचायच्या आत मी रक्त काढून घेऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून मशीनमध्ये ठेवलेल्या.

दुपारी स्क्रीनवर ग्राफ आला. पेशंटची रेघ खाली असणार, माझी वर. असं अपेक्षित होतं. पेशंटची रेघ बऱ्यापैकी होती बिचारी. माझी तळाला आडवी पडलेली. म्हणजे मेलेला उंदीर पडतो ना रस्त्यात, तशी.

मी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसलो.

मग मी शांतपणे, शास्त्रीय पद्धतीने घाबरलो. लक्षणं तपासली. आमच्या चौथ्या मजल्यावर चढताना धाप लागते? लागते. जेवल्यावर झोप येते? कमालीची. पापण्या आपोआप मिटतात? दर सोमवारी, मीटिंगमध्ये! अहो, पापण्या मिटणं हे तर आमच्या पुस्तकातलं ठळक लक्षण. आणि इतकी वर्षं मी समजत होतो की मीटिंग कंटाळवाणी असते.

आता तुम्ही म्हणाल, टेस्ट परत करायचीस ना! बरोबर. हाच ग्राफ एखाद्या विद्यार्थ्याने आणला असता तर मी त्याला चष्म्यावरून बघून विचारलं असतं, "रिपीट केलंस का?" पण इथे प्रयोग साक्षात मी केलेला. चूक असणार कशी?

घरी आलो. आई ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. पप्पा टीव्हीसमोर. पप्पा वीज मंडळातून रिटायर झालेत, हे सांगितलं पाहिजे, कारण त्याने पुढे फार त्रास झाला.

"आई, तुझ्या माहेरी कोणाला लवकर दमायचा त्रास होता का गं?"

"माझ्या माहेरी? दमायला वेळ कोणाला होता?" आई म्हणाली. मग हात थांबला. "का रे?"

इथे 'असंच' म्हणायचं होतं. दोन सेकंदांचं काम. पण एवढं शिकून 'असंच' म्हणायचं? मी जनरेटरपासून सुरुवात करून लेक्चर दिलं. ऑक्सिजन, ग्राफ, माझी आडवी रेघ, आणि शेवटी, हे फक्त आईकडून येतं.

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"एक मिनिट," पप्पा म्हणाले. "फक्त आईकडून? माझं काहीच नाही?"

"ह्या बाबतीत शून्य, पप्पा."

पप्पा उठून उभे राहिले. रिटायरमेंटच्या सत्कारालाही ते इतके ताठ उभे नव्हते. "हा जन्मल्यापासून ऐकतोय! पोरगा बापावर गेला, पोरगा बापावर गेला! ऐकलंस का गं? सप्लाय तुझ्याकडचा आहे! फॉल्ट तुझ्या माहेरच्या लाइनमध्ये आहे!"

आईने उत्तर दिलं नाही. आई उत्तर देत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे आमच्या घरात मांजरालाही कळतं. तिने हातातली कोळंबी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मी दिलं का रे तुला हे?"

मला एकदम कसंतरी झालं. तिला धीर द्यायला पाहिजे, असं वाटलं. आणि मी धीर दिला. काय म्हणालो माहितीये?

"तुझी चूक नाही गं आई. तुला शहाडच्या आजीने दिलं."

वारलेल्या आजीलाही मी सोडलं नाही!

दुसऱ्या दिवसापासून आईने मला काचेच्या कपाटात ठेवलं. आंघोळीचं पाणी ती काढून देणार. खजूर, उकडलेली अंडी, नाचणीचं सत्त्व. डब्याची पिशवी खाली रिक्षापर्यंत ती घेऊन येणार, गुडघे दुखत असताना. आणि मी? मी 'राहू दे गं' असं तोंडाने म्हणत होतो आणि हाताने पिशवी देत होतो. बसमध्ये एक आजोबा माझ्या सीटपाशी येऊन उभे राहिले तर मी त्यांना म्हणालो, "काका, सॉरी, मला बरं नाहीये." त्यांनी माझ्या हातातल्या केळ्याकडे बघितलं.

आता इथपर्यंत प्रकरण चार भिंतींत होतं. पण आईला बहीण आहे. रंजना मावशी, डोंबिवलीला. आईने फोन लावला, आणि आमच्या घरी फोन स्पीकरवरच असतो.

"म्हणजे तुला आईकडून आलं, तर मलापण आलं?" मावशीचा आवाज.

"तसंच म्हणतोय तो."

"आणि माझ्याकडून प्रज्ञाला?"

मी लांबून ओरडलो, "शक्यता आहे, मावशी!"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. कारण त्या रविवारी प्रज्ञाला बघायला बाळकुमचे लोक येणार होते. मुलगा निखिल, बँकेत आहे, विहारातल्या कार्यक्रमात ओळख झालेली, दोन्हीकडून जवळजवळ होकार. फक्त रीतसर बघणं बाकी होतं.

प्रज्ञाने फोन हिसकावून घेतला. ही प्रज्ञा झुंबा शिकवते हां. पहाटेपासून दुपारपर्यंत नाचते आणि नाचताना ओरडतेही. "दादा, मला आजार? मी सकाळी तीन बॅच घेते!"

"बाहेरून कळत नाही, प्रज्ञा," मी खोल आवाजात म्हणालो. "पेशीच्या आत बघावं लागतं."

तिने फोन कट केला.

मग शहाडहून विलासमामाचा फोन. त्याला सगळं मावशीकडून कळलेलं. "भाच्या, मला पण आहे का रे?" मी म्हटलं, "असू शकतो मामा, पण तुझ्याकडून मुलांना जात नाही. त्यांना मामीकडून मिळतं." मागून मामीचा आवाज आला, "बघा! मी म्हणत नव्हते का, पोरं हुशार आहेत ती माझ्याकडून!" असं मी म्हणालोच नव्हतो, पण आता मला कोण विचारतो?

मामावर मात्र वेगळाच परिणाम झाला. मामा मला वाटलं घाबरेल. मामा खूश झाला! त्याने गिरणीत दळण न्यायचं बंद केलं, गॅसचा सिलिंडर हलवायचं बंद केलं. मामीने काही काम सांगितलं की पलंगावर आडवा. "डॉक्टर भाच्याने सांगितलंय. माझे जनरेटर गेलेत."

रविवार आला. जाताना सगळ्यांची शपथ झाली, आजाराचा आ काढायचा नाही. नक्की काय आहे ते कळलं की स्वतःहून बोलू, असं ठरलं. मावशीने मला बाजूला घेऊन वेगळी ताकीद दिली. "सुमेध, तू फक्त बसायचं. शिकलेला दिसायचं. बोलायचं नाही."

मी बसलो. शिकलेला दिसलो. बाळकुमचे आले, जय भीम झाला, पाणी झालं. निखिल मुलगा साधा, गोल चेहऱ्याचा, सारखा दरवाज्याकडे बघणारा. त्याचे वडील कमी बोलणारे. आई मात्र चौकस.

"हे आमचे डॉक्टर," मावशी म्हणाली. "माझ्या बहिणीचा मुलगा."

"अरे वा! कशाचे डॉक्टर?" निखिलची आई.

"संशोधन करतो, काकू. पेशींवर."

"पेशीवर? म्हणजे कोर्टात?" वडील पहिल्यांदाच बोलले. "आमच्या गावच्या जमिनीची पेशी आहे पुढच्या महिन्यात."

"नाही काका, ती पेशी नाही, शरीरातली." मावशीने माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. शाबास सुमेध!

तेवढ्यात मामा आला. शहाडहून डोंबिवलीपर्यंत रिक्षाने आलेला, पण दारातून असा आला जणू पर्वत उतरून आलाय. सगळ्यांना हात जोडले आणि सरळ जाऊन दिवाणावर आडवा झाला. पाहुण्यांसमोर!

"बरं नाही का तुम्हाला?" निखिलच्या आईने विचारलं.

"काय सांगू ताई," मामा छताकडे बघत म्हणाला, "आमचा खानदानी आजार."

निखिलची आई पुढे सरकली.

"खानदानी?"

मावशी म्हणाली, "पित्त हो पित्त! विलास, पित्त झालंय ना तुला?"

"पित्त कसलं?" मामा उठून बसला. त्याला अपमान वाटला. "सुमेधने मशीनवर काढलंय! विचारा त्याला. आमच्या आईपासून आहे सगळ्यांना!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी. आई पदराशी चाळा करत. बाजूला पप्पा एकटेच निवांत पोहे खात होते. लाइन त्यांची नव्हती ना!

आता इथे मला वाटलं की मी परिस्थिती सावरू शकतो. अहो, मी शिकलेला माणूस. पाहुण्यांची भीती घालवायची, तर त्यांना नीट माहिती द्यायला नको का?

"काकू, घाबरायचं कारण नाही," मी म्हणालो. "एकतर हे अजून पक्कं नाही. आणि हा संसर्गजन्य नसतो. दुसरं म्हणजे, मामाकडून तो पुढे जातच नाही. पुरुषांकडून पुढच्या पिढीत जाण्याचा प्रश्नच नाही."

"बरं," निखिलची आई जरा सैलावली.

"हो ना! तो फक्त मुलींकडून मुलांना जातो."

आणि नेमकी त्याच क्षणी प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

निखिलच्या आईने ट्रेकडे बघितलं, प्रज्ञाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चहा घेतला, एक घोट प्यायला आणि कप खाली ठेवला. "आम्ही कळवतो," त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर मावशी रडली. आई तिच्याजवळ जाऊन बसली तर मावशी म्हणाली, "तू जा ताई." दोघी बहिणी कधी भांडल्या नव्हत्या हो. परत येताना रिक्षात आई बाहेर बघत होती. मला काय वाटत होतं? मला वाटत होतं की आजाराने जाईन तेव्हा जाईन, मला आत्ताच कोणीतरी न्यावं.

सोमवारी करंदीकर मॅडम आल्या. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी रिक्षात एक भाषण तयार केलेलं. "मॅडम, मी ह्या विषयावर काम करत होतो, आता मी स्वतःच विषय झालोय," वगैरे. ते मी म्हणून दाखवलं. शेवटी आवाजही थोडा कापरा केला. कापरा करावा लागला नाही, तो आपोआप झाला.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. पुण्याच्या आहेत, मध्ये तोडत नाहीत.

"वाईट वाटलं ऐकून," त्या म्हणाल्या. "पुन्हा करून पाहिलंत?"

"नाही मॅडम."

"बरं. काय काय केलंत, ते पहिल्यापासून सांगा."

"पेशी मोजल्या. प्लेटमध्ये घातल्या. पेशंटची प्लेट आधीच तयार होती. मग माझ्या प्लेटमधल्या एका ओळीत मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं औषध टाकलं, तुलनेसाठी, आणि बाकीच्यांत नुसता द्रव, ज्याच्यात ते औषध विरघळवतो तो."

"दोन्ही रंगहीन. मग ओळखू कसे येतात?"

"मी नळ्यांवर खुणा केलेल्या ना. द्रवावर सी. कंट्रोलचा सी."

"आणि औषधावर?"

"सी. केमिकलचा..."

मी थांबलो. मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तेच जास्त लागलं.

"म्हणजे," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःच्या पेशींना विष घातलंत. आणि त्या मेल्या म्हणून आईच्या माहेरावर आळ घेतलात."

इतकं अचूक निष्कर्षाचं वाक्य मी माझ्या एकाही पेपरात लिहिलेलं नाही.

टेस्ट पुन्हा केली, मॅडम शेजारी उभ्या राहून. माझी रेघ अशी वर गेली की स्क्रीनच्या कडेला टेकली. "उत्तम," मॅडम म्हणाल्या. "इतका निरोगी माणूस लॅबला क्वचित मिळतो. आता मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवायला हरकत नसावी."

आता खरी परीक्षा. संध्याकाळी आईला घेऊन बाळकुमला गेलो. माफी मागायची, समजावायचं, पाया पडावं लागलं तर पाया पडायचं. आई वाटेत एकच वाक्य बोलली, "मोडलं असेल ना, तर रंजनाला तोंड दाखवू नकोस. मला पण."

दार निखिलच्या आईनेच उघडलं. मी उंबऱ्यावरच सुरू झालो. "काकू, माझी चूक झाली, नळ्यांची अदलाबदल झाली, कोणाला काही आजार नाही..."

"आत तर या," त्या म्हणाल्या.

आत निखिल सोफ्यावर आडवा पडलेला. दोन्ही पायांना बाम लावलेला, सगळ्या घरात वास.

"काय झालं ह्यांना?" आईने विचारलं.

काय झालं? प्रज्ञा झाली. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी तिने निखिलला थेट फोन केलेला. "आजार मला आहे की नाही ते तुम्ही स्वतः बघा. उद्या सकाळी बॅचला या." हा बिचारा ऑफिसला जायच्या आधी डोंबिवलीला गेला. पहिलं गाणं संपायच्या आत भिंतीला टेकला. दुसऱ्या गाण्यात बसला. तिसऱ्या गाण्यात त्याला दोन काकूंनी बाहेर नेऊन लिंबू सरबत पाजलं.

"तिला काही नाही झालंय," निखिल पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्याकडून होकार आहे. आई, मला पाणी दे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मी म्हटलं, सुटलो!

पण निखिलच्या आईचा चेहरा काही बरा दिसेना. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर, एक विचारू? हा इतका कसा दमला हो? तुम्ही म्हणालात ना, ते आईकडून येतं. म्हणजे... माझ्याकडून?"

बघा! मी घरात पेरलेलं आता बाळकुमला उगवायला लागलं होतं. मी त्या माउलीला हात जोडून सांगितलं, "काकू, तुम्ही ठणठणीत आहात. तुमचा मुलगा खुर्चीत बसून काम करतो, एवढाच आजार आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी एका वाक्यात थांबलो. आई माझ्याकडे आश्चर्याने बघत होती.

मावशीने मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. मामा तर नाराजच झाला. बरा झाल्याचं कळल्यावर असं तोंड पाडलेला माणूस मी बघितला नाही. मामीने त्याच संध्याकाळी त्याच्या डोक्यावर दळण ठेवलं.

आणि आमच्या घरी? घरी गेल्या गेल्या आईने पदर खोचला. इतके दिवस गप्प होती ना, सगळं साठलेलं. ती पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ऐकलंत? मशीनवर काढलंय. माझ्याकडून जे आलं ते एक नंबर आहे. माझं माहेर, माझी आई, कोणातच खोट नाही."

पप्पांनी पेपर तोंडासमोर धरला.

"पेपर खाली करा. आता एवढंच सांगा, माझ्याकडून सगळं चांगलं आलंय, मग दोन नळ्यांवर एकच नाव लिहायची अक्कल ह्याला कोणाकडून आली?"

मी पप्पांकडे बघितलं. म्हटलं, आता बापच काय ते वाचवेल. पप्पांनी पेपर खाली केला, नीट घडी घातली, माझ्याकडे मायेने बघितलं आणि आईला म्हणाले,

"हे बघ, उगाच माझ्यावर ढकलू नकोस. ते ना तुझ्याकडून आलंय, ना माझ्याकडून. ते त्याने स्वतःच्या मेहनतीने मिळवलंय. इतकी वर्षं शिकतोय तो!"